आईचा क्यूआर आणि माझं एक्सेल

मराठी विभागाला लेख कमी पडतायत, असं संपादक मंडळातल्या ताईने मेसमध्ये जाहीर केलं तेव्हा आमच्या टेबलवरच्या सगळ्यांनी एकदम ताटात बघायला सुरुवात केली. मी पण. कारण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी आम्हाला होती, पण ‘माझा आवडता पक्षी’ इतपतच, आणि तोही पाठ केलेला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधाराव्यात ही विनंती. (राहिल्या तर त्या संपादकांच्या!) पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहिताच आला नसता. यातली मुख्य पात्रं म्हणजे माझी आई, बेसन आणि कळव्यातला एक गाळा, आणि ही तिन्ही माझ्या डोक्यात मराठीतच बोलतात.

विषय असा की, छोट्या धंद्याने गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला कुठली कंपनी निवडावी? ऐकायला कंटाळवाणा वाटतो, मान्य. पण मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी कुणाचं ना कुणाचं दुकान, क्लास, टेम्पो नाहीतर पोळीभाजी केंद्र आहे. आणि घरात इंजिनीअरिंगला गेलेलं कार्टं असलं की हा प्रश्न त्याच्याच गळ्यात येतो. ‘तू कॉम्प्युटरला आहेस ना, मग बघ की जरा!’ मी बघितलं. आणि आईची दिवाळी घालवली. त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर कळवा पश्चिमेला, मनीषा नगरच्या बाजूला. बाबा रेल्वेत. आईने लॉकडाऊनमध्ये बिल्डिंगमधल्यांना पुरणपोळ्या करून द्यायला सुरुवात केली आणि मग ते वाढतच गेलं. २०२३ मध्ये तिने एक छोटा गाळा भाड्याने घेतला. हाताखाली चार बायका. रोज पोळ्या, भाजणी, चकली, गणपतीत मोदक आणि दिवाळीत फराळ. गाळा उघडला त्याच आठवड्यात दोन वेगवेगळ्या ॲपची मुलं येऊन दोन क्यूआर चिकटवून गेली. आईने तिसरी जागा गणपतीच्या फोटोला ठेवली म्हणून, नाहीतर तिथे पण तिसरा लागला असता.

इथे एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हती. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने या क्यूआरमध्ये काही फरकच नाही. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सांगून टाकलं की कुणीही फक्त आपल्याच ॲपने स्कॅन होणारा नवीन क्यूआर काढायचा नाही, आणि जुने असतील तेही ३१ मार्च २०२२ पर्यंत बदलायचे. म्हणजे फोनपेचा क्यूआर गूगल पेने स्कॅन होतो, पेटीएमचा भीमने. गिऱ्हाईक आपलं बीप करून निघून जातं. कंपनी कुठली याचा फरक पडतो तो फक्त काउंटरच्या आतल्या माणसाला. त्याचे पैसे कुठल्या वाटेने येतात, मध्ये कुठे थांबतात, आणि थांबले तर हाक कुणाला मारायची, हे सगळं त्या चौकोनाच्या मागे असतं. आणि तेच आपण बघत नाही. आपण काय बघतो? टक्के!

मीही तेच केलं. २०२५ च्या गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी डोंबिवली, ऐरोली, अगदी पुण्याहून आल्या आणि लोक म्हणायला लागले, ‘ताई, लिंक पाठवा, कार्डाने भरतो.’ आईने मला फोन लावला. मी होस्टेलवर बसून दोन रात्रीत एक्सेल शीट तयार केलं. सहा कंपन्या, नऊ कॉलम, रंगीत! कार्डाला साधारण दोन टक्के आणि त्या फीवर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार रुपयांच्या ऑर्डरमागे २३ रुपये ६० पैसे. कुणी थोडं कमी, कुणी थोडं जास्त. यूपीआयवर कायद्याने व्यापाऱ्याला चार्ज नाही (१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य आहे), पण वेबपेजवरून आलेल्या यूपीआयवर काही जण ‘प्लॅटफॉर्म फी’ नावाचं काहीतरी लावतात, तेही मी शोधून काढलं. मला फार अभिमान वाटत होता. शेवटी जिची बेरीज सगळ्यात कमी आली ती कंपनी निवडली. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. दुसरी निवडली असती तरी बहुतेक हेच झालं असतं.

टक्क्यांचा विचार चुकीचा होता असं मी म्हणत नाही. आईची भाजणीची चकली ८५० रुपये किलो. त्यात तेल, भाजणी, गॅस, बायकांची मजुरी, गाळ्याचं भाडं जाऊन तिच्या हातात किलोमागे १२० रुपये राहतात. कार्डाने पैसे आले की त्यातले २० रुपये गेले, म्हणजे नफ्याचा सहावा हिस्सा! ‘फक्त दोन टक्के’ हे वाक्य ज्यांचा नफा मोठा असतो त्यांच्यासाठी आहे. फराळवाल्यांसाठी नाही.

तर सप्टेंबरमध्ये केवायसी झालं. पॅन, बँकेचा कॅन्सल चेक, गुमास्ता, उद्यमचं सर्टिफिकेट, गाळ्याचा फोटो (त्यात आई पदराने घाम पुसतेय). एका फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘अपेक्षित मासिक उलाढाल किती?’ मी मागच्या दोन महिन्यांच्या हिशोबाने पन्नास हजार टाकले आणि ‘नेक्स्ट’ दाबलं. हे पन्नास हजार लक्षात ठेवा.

ऑक्टोबरचे पहिले दहा-बारा दिवस स्वप्नासारखे गेले. लिंक पाठवली की पैसे, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात जमा. आई व्हॉट्सॲपवर मला अंगठे पाठवत होती. मग वसुबारस जवळ आली तशी ऑर्डर रोज तीन हजारांवरून पंधरा हजारांवर गेली. १५ ऑक्टोबरला, बुधवारी, मेल आला. ‘तुमचं खातं रिव्ह्यूखाली आहे, तोपर्यंत सेटलमेंट होल्डवर राहील.’ गिऱ्हाइकांनी भरलेले ४२,६५० रुपये त्यांच्याकडे, आणि आमच्याकडे रिकामं तेलाचं पिंप.

दिवाळीच्या आठवड्यात फराळवाल्याचे बेचाळीस हजार अडकणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना सांगायला नको. जांभळी नाक्यावरचे शेठ बेसन आणि तेल उधारीवर देतात, पण दिवाळीत नाही, दिवाळीत सगळ्यांनाच रोख पाहिजे असते. चार मावश्यांना लक्ष्मीपूजनाच्या आत पगार आणि बोनस द्यायचा होता. ऑर्डरचे पैसे तर लोकांनी भरलेले, म्हणजे माल द्यायचाच होता! मी लेक्चर बुडवून कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून चॅट करत होते. पलीकडे बॉट होता. तो प्रत्येक वेळी ‘तुमची अडचण मला समजते’ म्हणायचा आणि एक नवीन तिकीट नंबर द्यायचा. माझ्याकडे पाच तिकिटं झाली.

रात्री आईचा फोन.

‘अगं, तू फोन का नाही करत त्यांना?’

‘आई, त्यांना फोन नसतो. चॅट असतो फक्त.’

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे फोन नसलेल्या माणसाकडे ठेवले मी पैसे?’

माझ्या नऊ कॉलममध्ये हा कॉलम नव्हता.

पैसे कुठून आले? भिशीतून. बिल्डिंगमधल्या बारा बायकांची भिशी आहे, महिन्याला पाच हजारांची. ऑक्टोबरचा नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा होता. आई त्यांच्याकडे गेली, दारातच उभी राहून सांगितलं. काकूंनी चहा टाकला आणि नंबर बदलून दिला. त्यांना त्या पैशातून कपाट घ्यायचं होतं, ते राहिलं. साठ हजार, अर्ध्या तासात, केवायसी नाही, तिकीट नंबर नाही. आमचे सर ‘सिस्टिम्सची रिलायबिलिटी’ शिकवतात तेव्हा मला आता काकूंचा चेहरा दिसतो.

कंपनीचे पैसे आले ३० ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होऊन नऊ दिवस झाले होते, भाऊबीजसुद्धा संपली होती. तेही मी वेबसाइटच्या अगदी तळाला, बारीक अक्षरातल्या एका पीडीएफमध्ये ‘नोडल ऑफिसर’चा ईमेल शोधून त्यांना गाळ्याचे फोटो, डिलिव्हरीच्या सह्या आणि बिलं पाठवली तेव्हा. (हे नोडल ऑफिसर प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. प्रत्येक पेमेंट ॲग्रिगेटरने तक्रारीसाठी असा अधिकारी नेमून त्याची माहिती वेबसाइटवर द्यायची असते. पहिल्याच दिवशी शोधा. मी तेराव्या दिवशी शोधली.)

आता कंपनीला शिव्या देऊन लेख संपवता आला असता, आणि होस्टेलवर मी तेच करत होते. पण एका सीनियरने, जो एका फिनटेक कंपनीत इंटर्नशिप करून आलाय, मला समजावलं आणि माझी बोलती बंद झाली. तो म्हणाला, ‘त्यांच्या बाजूने बघ. एक नवीन खातं. सांगितलंय महिन्याला पन्नास हजार, आणि आले दोन आठवड्यांत लाखाच्या वर. पैसे आगाऊ, माल नंतर. अगदी असंच फ्रॉडवाले करतात. दिवाळीच्या तोंडावर साइट उघडायची, पैसे घ्यायचे आणि गायब. मग गिऱ्हाईक बँकेकडे जाऊन पैसे परत मागतं आणि दुकानदार सापडला नाही तर भुर्दंड कंपनीला.’ ॲग्रिगेटर म्हणजे फक्त पाइप नाही. गिऱ्हाइकाचे पैसे आधी त्याच्या एस्क्रो खात्यात येतात, तिथून तो आपल्याला देतो. मधल्या काळात जोखीम त्याची. यासाठीच रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० ला नियम केले, परवाना लागू केला, आणि पुढे २०२२ च्या डिसेंबरमध्ये रेझरपे, कॅशफ्रीसारख्या मोठ्या कंपन्यांनासुद्धा परवाना पूर्ण होईपर्यंत नवीन दुकानदार घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. वर्षभराने परवाने मिळाले तेव्हा ते परत सुरू झालं.

म्हणजे मशीनने जे बघितलं त्यात मशीनचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. मी फॉर्ममध्ये दिवाळी लिहिलीच नाही! वर्षातल्या सगळ्यात मोठ्या महिन्याचा आकडा टाकायचा, धंदा हंगामी आहे हे आधीच मेल करून कळवायचं, जुन्या दिवाळीची बिलं जोडायची, एवढं केलं असतं तर कदाचित होल्ड लागलाच नसता. पण तरीही माझा एक प्रश्न शिल्लक राहतो. संशय आला हे ठीक, मग संशय फिटवायला माणूस का नाही? ठाण्याला एक माणूस गाळ्यावर पाठवला असता तर पाच मिनिटांत त्याला बेसनाचा वास आला असता.

याचं उत्तरही त्या सीनियरने दिलं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माणूस नाही, कारण माणसाचा पगार कोण देणार? यूपीआयवर कंपनीला दुकानदाराकडून काहीच मिळत नाही. सरकार प्रोत्साहन देतं. २०२४-२५ साठी केंद्राने १,५०० कोटींची योजना मंजूर केली, छोट्या दुकानदाराकडच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. पण ते बँका आणि ॲपवाले यांच्यात वाटलं जातं. मग कंपन्या कमावतात कशावर? आवाज करणाऱ्या डबीच्या भाड्यावर, आणि दुकानदाराला कर्ज देण्यावर. आईला दर आठवड्याला ‘दोन लाखांचं कर्ज मंजूर’ असा मेसेज येतो. कर्ज द्यायला त्यांना फोन असतो, बरं का! पैसे अडकले की मात्र बॉट.

म्हणून माझं मत, जे घरात कुणालाच पटलेलं नाही, ते असं आहे की यूपीआय दुकानदाराला अगदी फुकट असू नये. पाव टक्का घ्या, पण त्या बदल्यात फोन उचलणारा माणूस आणि पैसे किती दिवस रोखता येतील याची लेखी मर्यादा द्या. आईची यूपीआयची विक्री महिन्याला दीड लाख धरली तर पाव टक्क्याने ३७५ रुपये होतात. डबीचं भाडंच ती सव्वाशे देते. आई म्हणते, ‘आज पाव टक्का, उद्या दोन टक्के, मी नाही देणार.’ बाबा म्हणतात, रेल्वेपण पास वाढवताना असंच थोडंथोडं वाढवते. त्या दोघांचं म्हणणं खोटं नाही. २०२० च्या आधी डेबिट कार्डावर एमडीआर होता तेव्हा आमच्याकडच्या छोट्या दुकानांत कार्डाचं मशीन दिसायचंच नाही, दिसलं तर ‘पाचशेच्या खाली कार्ड नाही’ अशी पाटी. फुकट झालं म्हणून तर कळवा स्टेशनबाहेरच्या लिंबूवाल्यापर्यंत क्यूआर पोचला. तरीपण फुकट वस्तूची तक्रार करता येत नाही, ही तिची खरी किंमत आहे, या मतावर मी ठाम आहे.

अजून एक कॉलम माझ्या एक्सेलमध्ये नव्हता, तो म्हणजे मागची बँक. आपण ॲप निवडतो, पण ॲपच्या मागे एक बँक उभी असते आणि ती बसली की ॲप बसतं. ५ मार्च २०२० च्या रात्री येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपे बंद पडलं, कारण त्यांचं यूपीआय त्याच एका बँकेतून चालायचं. जवळजवळ दिवसभर लाखो दुकानांतले जांभळे क्यूआर म्हणजे नुसते स्टिकर. ३१ जानेवारी २०२४ ला पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई झाली आणि १५ मार्चनंतर त्या बँकेत नवीन पैसे जमा करणं बंद झालं. ज्या दुकानदारांच्या क्यूआरचे पैसे दुसऱ्या बँकेत जात होते त्यांचं चालू राहिलं, ज्यांचे त्याच बँकेत जात होते त्यांना धावाधाव. स्टिकर दोघांचा सारखाच!

आणि आपल्या भागात तर हे कुणाला सांगायची गरजच नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बँक भांडुपची, ठेवीदार आमच्या लाइनीवर पसरलेले. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असं होतं, मग दहा हजार, मग हळूहळू वाढवत नेलं. आमच्या शाळेच्या व्हॅनवाल्या काकांचं खातं तिथे होतं. व्हॅनचा हप्ता, डिझेल, सगळं त्यात. ते महिनाभर आमच्या आयांकडून फी रोख मागत होते आणि मागताना खाली बघत होते. म्हणून आई आता जे करते ते मला पटतं. विक्रीचे पैसे एका खात्यात येतात आणि दर दोन दिवसांनी गरजेपुरते ठेवून बाकीचे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जातात. त्यात अविश्वास कुणावरच नाही. कळव्याला तर सहकारी बँकेचं मुख्यालयच आहे, पारसिक बँक १९७२ पासूनची, आणि आमच्याकडे बँक म्हणजे जिथे आत जाऊन साहेबांशी बोलता येतं ती, अशीच व्याख्या आहे. पण अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत, एवढंच.

आता जीएसटीबद्दल थोडं, कारण त्यावरून आमच्या रांगेतल्या गाळ्यांत वेगळीच भीती आहे. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूत आणि कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर २९ लाखांची! ताज्या भाजीवर जीएसटीच नसताना. गोंधळ झाला, पुढे तिथल्या सरकारला मागच्या थकबाकीचा आग्रह सोडावा लागला. पण तेवढ्यात कळव्यात दोन गाळ्यांवर ‘ओन्ली कॅश’ लागलं. माझं म्हणणं आहे की क्यूआर फाडून काही होत नाही. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. आपण त्याच्या किती खाली आहोत हे माहीत असलं की झोप लागते. त्यासाठी घरच्या पैशांचा क्यूआर आणि धंद्याचा क्यूआर वेगळा पाहिजे, नाहीतर मामाने पाठवलेले लग्नाचे पैसेसुद्धा चकलीची विक्री म्हणून मोजले जातात. मात्र एक गंमत (गंमत कसली!) आहे. राज्याबाहेर माल विकला तर ही ४० लाखांची सूट चालत नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. बंगळुरूच्या मामीच्या सोसायटीची तीस डब्यांची ऑर्डर आम्ही हे वाचून नाकारली. ऑनलाइन लिंक झाली की गिऱ्हाईक आपोआप राज्याबाहेरचं यायला लागतं, हे कुठलीच पेमेंट कंपनी जाहिरातीत सांगत नाही.

आता आपल्या गेटकडे येते, कारण हा लेख तुम्ही मेसमध्ये वाचताय आणि आईचा गाळा तुमच्यापासून लांब आहे. गेटबाहेरच्या वडापाववाल्या दादांकडे बघा. दोन क्यूआर, एक डबी. ती डबी ओरडते तेव्हा आपल्याला हसू येतं. पण त्यांनी ती घेतली कशामुळे? आपल्यामुळे. खोट्या ‘पेमेंट सक्सेसफुल’ची स्क्रीन दाखवणारी ॲप होस्टेलमध्ये कुणाकुणाकडे आहेत हे मला माहीत आहे आणि वॉर्डन सरांनाही असावं. पंधरा रुपयांच्या वड्यासाठी! दादा महिन्याला डबीचं जे भाडं देतात ते म्हणजे आपल्या विनोदाचं बिल आहे. आणि दुसरं म्हणजे, ‘दादा, पैसे कटले पण तुम्हाला आले नाहीत, नंतर बघतो.’ नंतर कुणी बघत नाही. नियम काय आहे? दुकानदाराला केलेलं पेमेंट कटलं पण पोचलं नाही तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला पाहिजे, नाही आलं तर बँकेने त्यापुढे रोज शंभर रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. म्हणजे पैसे आपल्याला परत येतात. वडा मात्र दादांचा गेलेला असतो.

आणि फेस्ट कमिटीला एक विनंती. यावर्षी रजिस्ट्रेशनचं पेमेंट कुठून घ्यायचं यावर तुमची मीटिंग आहे असं ऐकलं. मागच्या वेळी एका सरांच्या सेव्हिंग खात्यावर सगळे पैसे घेतले आणि मग सरांना घरी हिशोब देता देता नाकी नऊ आले. यंदा लिंक घ्याल तर नक्की आमच्यासारखंच होईल. वर्षभर खातं रिकामं आणि दोन दिवसांत तीन हजार मुलांची फी. आधीच कंपनीला फेस्टच्या तारखा कळवा, लेटरहेडवर पत्र द्या, आणि साउंडवाल्याचे पैसे त्या सेटलमेंटच्या भरवशावर ठेवू नका. तो जनरेटर बंद करून निघून जातो.

घरी आम्ही काय केलं? लिंक बंद नाही केली. मला वाटलं आई करेल, पण ती म्हणाली, पुण्याची गिऱ्हाइकं सोडायची का? फक्त आता लिंक लांबच्या ऑर्डरलाच जाते, आणि तीही अर्ध्या पैशांची, बाकीचे माल मिळाल्यावर. गाळ्यावर मोठा क्यूआर बँकेचा स्वतःचा, थेट करंट अकाउंटला जाणारा. त्याच्या शेजारी एका ॲपचा, डबीसकट, एक बंद पडला तर दुसरा. तिसरा जो होता तो आईने सोलून काढला, त्याचा गोंद अजून निघालेला नाही. कंपनी बदलायची झाली तर मी आता शीट उघडत नाही. आधी त्यांच्या वेबसाइटवर फोन नंबर आहे का बघते आणि तो फिरवून बघते. दुपारी अडीच वाजता, कारण आईला अडचण नेमकी तेव्हाच येते, मावश्या जेवायला बसलेल्या असतात तेव्हा. सहापैकी दोन जणांनी उचलला. त्यातल्या एकीने मला विचारलं, ‘मॅडम, तुमचा बिझनेस काय आहे?’ मी म्हटलं, ‘फराळ.’ ती म्हणाली, ‘मग दिवाळीत वाढेल ना, आत्ताच लिहून ठेवते.’

आमच्याकडे कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही, समोरून धडधडत जाताना दिसते फक्त. लहानपणापासून स्लोने जायची सवय आहे. त्या बाईंच्या कंपनीचा रेट माझ्या जुन्या शीटमध्ये वरून चौथा आहे. आईला मी तो सांगितला, तिने पेन्सिलने वहीच्या मागे गुणाकार केला, दोनदा केला, आणि म्हणाली, ‘चालेल. पण काकूंचं कपाट आधी.’

कपाट जानेवारीत आलं. जिन्यातून चढवताना अडकलं, बाबा आणि मी खालून ढकलत होतो.